हकीकत काळ्या चिमणीची व पांढरीच्या रेसची

श्रीरेणुकामाता समर्थ. पिंपळगाव रेणुकाईकर रामकिसनराव यांचे कन्यारत्न, वय वर्षे सतरा, हल्ली वास्तव्य जालना, कॉलेजनिमित्त, यांची स्वारी दिवाळीचे सुटीत घरी आली असता माळ्यावरील पाळणा साफसफाईकरिता खाली उतरविला गेला, आणि त्यावरील कापडी चिमण्यांची माळ त्यांनी हाती घेऊन मोजली, तो चिमण्या नऊ भरल्या, पैकी आठ रंगीत आणि एक काळीकुट्ट, धुतली तरी न निघणारी. मग सेवकास हुकूम जाहला की, ही एकच चिमणी काळी का, याची हकीकत खरी खरी लिहून द्यावी, तिखटमीठ लावू नये. हुकमाप्रमाणे लिहिले आहे. जे मुळातच झणझणीत होते त्यास सेवकाचा इलाज नाही.

शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी सकाळी परतूर मुक्कामाहून राजमान्य राजेश्री काकासाहेब परतूरकर, साडेतीन विहिरींचे धनी, पैकी अर्धी भावकीत सामाईक, यांची मोटार पिंपळगाव रेणुकाईचे रोखे कूच करती जाहली. मोटारीत असामी दोन. उजवे बाजूस खासे काकासाहेब सुकाणू धरून, आणि डावे बाजूस त्यांचे कुटुंब सगुणाबाई, मांडीवर पत्र्याची पेटी धरून. एवढीच फौज. परंतु हे कूच घडण्यास नऊ वर्षे लागली होती, सबब ते कारण आधी सांगितले पाहिजे.

रामकिसनराव हे सगुणाबाईंचे पाठचे बंधू. त्यांचे लग्नात मानाचा फेटा आधी मामास बांधला गेला आणि मग दाजींस, म्हणजे काकासाहेबांस. दुसरा फेटा पहिल्याच रंगाचा होता, पहिल्याइतकाच लांब होता, परंतु दुसरा होता. काकासाहेब भरल्या ताटावरून उठले आणि मांडवाचे दारात उभे राहून फर्मान सोडिले की, आजपासून आमचे घरचे माणूस या गावचे शिवेत पाय ठेवणार नाही. आता काकासाहेबांचे घरी माणसे फार नव्हती. फर्मान पडले ते एकट्या सगुणाबाईंवर. दर दिवाळीस भाऊबीजेला गल्लीतल्या बायका माहेरी रवाना झाल्या म्हणजे बाई पाठीमागचे खोलीत बसून चिंध्यांची एक चिमणी शिवीत, पोटात कापूस भरीत, आणि पेटीत ठेवून देत, कारण भावाचे घरी पाळणा अजून हलला नव्हता, आणि हलेल त्या दिवशी आत्याने रिकामे हाती जाऊ नये. ऐशा नऊ दिवाळ्या गेल्या आणि चिमण्या नऊ जाहल्या, आणि पहिल्या चिमणीचा तांबडा रंग नुसता ठेवूनच विटला. बाईंचे डोळ्यांतले पाणीही त्याच पेटीत पडत असे, हे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही.

नववे वर्षी रेणुकामाता पावली आणि रामकिसनरावांस कन्या जाहली. मग ते खुद्द परतुरास आले, दाजींचे पायावर डोके ठेविले, आणि अर्ज केला की, बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, तरी अक्कास धाडावे, आपणही यावे. दिवेलागणीचा वक्त मुक्रर आहे. भावकीचे म्हणणे पडले की वक्त टळू देऊ नये. तोवर अक्का न आल्यास चुलत आत्या चांगुणाबाई बाळाचे कानात नाव सांगेल. काकासाहेबांनी एक रात्र मसलत केली, स्वतःशीच, कारण दुसऱ्याचा सल्ला घेण्याची त्यांस सवय नव्हती, आणि सकाळी कौल दिला तो ऐसा, की आपल्या मोटारीतून जाऊ, दिमाखाने जाऊ. परंतु वाटेत मोटार बंद पडली तर देवीचीच इच्छा नाही ऐसे समजून माघारी फिरू, आणि मग हा विषय या घरात पुन्हा निघावयाचा नाही. सगुणाबाईंनी मान डोलाविली. त्या दिवसापासून त्या देवीस मुलाबाळांचे काही मागेनाशा झाल्या, नुसते मोटारीचेच मागू लागल्या.

मोटार म्हणजे काय, तर परतूरचे सरकीचे व्यापारी अमरचंदशेठ यांनी बारा वर्षे वापरून सोडलेली, रंगाने पांढरी, आणि नावही पांढरीच. तिचे सुकाणवास काकासाहेबांवाचून कोणी हात लावू नये, चालविणाराचे आसनावर दुसऱ्याने बसू नये, ऐसा सक्त दंडक होता. पांढरीने त्या दिवशी जालना बिनबोभाट गाठले, शहर मागे टाकिले, राजूरचे गणपतीस उभयतांनी रस्त्यावरूनच हात जोडिले, आणि ऊन डोक्यावर येण्याचे सुमारास भोकरदनचा मार्ग धरिला. राजुरापुढे कोस दीड कोसावर एक फाटा आहे, तेथे येता मोटारीस अकस्मात ठसका लागला. एक ठसका, दोन ठसके, मग धक्के बसू लागले, पेटीतल्या चिमण्या आपटू लागल्या, आणि पांढरी रस्त्याचे कडेस येऊन उभी राहिली. काकासाहेबांनी दोन्ही हात सुकाणवावरून काढून मांडीवर ठेविले आणि फर्माविले की, देवीची इच्छा.

ते समयी सगुणाबाईंनी एकोणीस वर्षांचे संसारात पहिल्यांदा करारातील शब्दावर बोट ठेविले. त्यांनी अर्ज केला की, कौल मोटार बंद पडल्याचा आहे. बंद म्हणजे जी चालूच होत नाही ती. हिला आधी सेल्फ मारून पाहावे. काकासाहेबांनी सेल्फ मारिला, तो मोटार निमूट चालू जाहली, जागेवर मांजरीगत गुरगुरू लागली, आणि रेस वाढवीत नेताच मधेच पुन्हा ठसकू लागली. तेव्हा ही बंद नव्हे, आजारी आहे, ऐसे बाईंचे म्हणणे पडले. काकासाहेब कायद्याचे पक्के होते, सबब त्यांनी विचार करून निवाडा दिला की, समोरचे बाभळीची सावली त्या दगडाला लागेतो मुदत आहे, पुढे नाही.

फाट्यावरच कचरू मिस्तरी याचे पत्र्याचे शेड होते. हा पुरुष विहिरीवरची तेलाची इंजिने दुरुस्त करण्यात त्या मुलखात मशहूर, वय पन्नास, अंगात बनियन, कानात विडीचे थोटूक. मोटारीचे काम त्याने फारसे केले नव्हते आणि तसे त्याने सांगूनही टाकिले, परंतु इंजिन ते इंजिन म्हणोन तो उठला, तिघांनी मिळून पांढरी लोटीत त्याचे अंगणात आणिली, तोंड रस्त्याकडे करून उभी केली, आणि मिस्तरीने बॉनेट वर उचलिले. येथून खरी लढाई सुरू होते.

रोग ऐसा होता की, रेस थोडी असता इंजिन ठीक, रेस भरपूर असता इंजिन ठीक, परंतु मधल्या एका रेसवर ठसका. तो ठसका पकडावयाचा तर नेमकी तेवढीच रेस धरून ठेविली पाहिजे आणि मिस्तरीने वर वाकून पाहिले पाहिजे. रेस तर आत, काकासाहेबांचे पायाखाली. मिस्तरी बाहेर. आणि मधे बॉनेटचा पत्रा उभा, त्यामुळे एकास दुसरा दिसेना.

आता साडेतीन विहिरींचे धन्यास कचरू मिस्तरीने थेट हुकूम कसा करावा? मालक, रेस द्या; मालक, रेस सोडा; ऐसे तो आपल्या जिभेने बोलता तर जीभ झडून पडती, निदान त्यास तसे वाटत होते. मग त्याने रिवाजाप्रमाणे मधे वकील नेमिला, आणि वकील सगुणाबाई. मिस्तरी बाईंस म्हणे, "बाई, मालकाला म्हणा जराशी रेस द्या." बाई पाच पावले चालून खिडकीशी जात आणि नवऱ्यासही हुकूम करणे बरे नव्हे म्हणोन सांगत, "अहो, रेसचं म्हणून राह्यले." काकासाहेब विचारीत, "किती?" बाई पाच पावले माघारी येत. मिस्तरी डोके खाजवून सांगे, "इहिरीवरचं इंजिन पाणी वढतंय ना, तेवढी. जास्त न्हाई, कमी न्हाई." बाई पुन्हा खिडकीशी. तोवर ठसका येऊन गेलेला असे.

आणखी एक खोड काकासाहेबांचे स्वभावात होती. कोणतीही वस्तू कमी देणे त्यांस ठाऊक नव्हते. पंगतीत ते वाढू लागले तर जिलेबी ताटाबाहेर जाई. त्यांनी पाणी ओढण्याइतकी रेस द्यावयाची म्हणून जो पाय दाबिला तो तळाला नेला, इंजिनाने ऐसा हंबरडा फोडिला की शेडावरची कबुतरे उडाली, मिस्तरी दचकून मागे सरला, आणि ठसका कोठच्या कोठे पळाला. मग वकिलाकरवी अर्ज गेला की, थोडी कमी. कमी हा शब्द काकासाहेबांस लागला. त्यांनी पाय पुरताच उचलिला आणि इंजिन पुन्हा नुसते गुरगुरू लागले. ऐशा तीन चढाया जाहल्या. बाईंचे पायांचे तुकडे पडले, मिस्तरी घामाने निथळला, आणि बाभळीची सावली दगडापासून हातभर राहिली.

तेव्हा कचरू मिस्तरीने पाना खाली ठेविला आणि बाईंपुढे दिलगीर होऊन बोलला, "बाई, पान्याचं काम माझ्या हातात, अन् रेस मालकाच्या पायात. मंग मला काय दिसंल? इहिरीवर आम्ही असं करत न्हाई. इंजिनापाशी जो हुबा, रेस त्याच्याच हातात पायजे." इतके बोलता त्याचेच बोलण्याने त्यास उजेड पडला. त्याने वाकून पाहिले, कार्बोरेटरचे अंगास एक लहानशी दांडी होती, पायाखालची कांब येऊन तीसच मिळत होती. मिस्तरीने ती दांडी बोटाने हळूच ओढिली. इंजिन चढले. सोडिली, उतरले.

आत काकासाहेब बसले होते. त्यांनी आपला पाय पाहिला. पाय हलला नव्हता. इंजिन मात्र चढत होते आणि उतरत होते. त्यांनी चौकशी केली नाही, परंतु पाय उचलून जपून बाजूला ठेविला.

आता अडचण ही की मिस्तरीस दोन्ही हात वायरी तपासण्यास पाहिजेत, आणि दांडी तापलेल्या इंजिनामधे, तेथे दुसऱ्याने हात घालून उभे राहणे मुश्कील. दोरी पाहिजे, मिस्तरी म्हणाला. शेडात होती ती पट्ट्याची जाड, कामाची नव्हे. सगुणाबाईंनी क्षणभर पेटीकडे पाहिले. मग पेटी उघडली आणि चिमण्यांची माळ काढिली. माळेची दोरी त्यांनी स्वतः वळलेली, चार हात लांब, बारीक आणि चिवट. चिमण्या ओवून गाठी मारल्या होत्या, त्या सोडण्यास अवकाश नव्हता. त्यांनी माळ तशीच पुढे केली. मिस्तरीने एक टोक दांडीस बांधिले, पहिल्या वर्षाची विटकी चिमणी तेथे तेलात लोळू लागली, आणि दुसरे टोक बाईंचे हाती दिले. बाईंनी ओढ दिली. पाणी ओढण्याइतकी, म्हणजे नेमकी किती, हे त्यांस विचारावे लागले नाही. परतुरास स्वयंपाकघरात बसून मळ्यातले इंजिन ऐकण्यात त्यांची उमर गेली होती. पाणी आले, पट्टा सरकला, डिझेल संपत आले, हे त्या भाकरी थापता थापता आवाजावरून ओळखीत, आणि आजवर कोणी त्यांस हे विचारिले नव्हते.

इंजिन त्या एका रेसवर स्थिर जाहले. ठसका आला. बाईंनी दोरी तसूभरही ढिली केली नाही. मिस्तरी पान्याचे टोक कानास लावून ऐकत होता, परंतु त्याचे आधी बाईच म्हणाल्या, "थांबा. बारीक टिकटिक येऊन राह्यली. डाव्या अंगाला." मिस्तरीने तिकडे पाहिले, तो एका प्लगची वायर त्याच नेमक्या रेसला थरथरून लोखंडास टेकत होती, तिचे वरचे रबर घासून गेले होते, आणि ठिणगी प्लगास न जाता परस्पर लोखंडावर उडी मारीत होती. एवढाच दुश्मन. एवढ्यासाठी नऊ वर्षे वाया जात होती. मिस्तरीने वायरीस काळी टेप गुंडाळिली, ती लोखंडापासून दूर बांधिली, बाईंनी दोरी सावकाश ओढीत नेली आणि सावकाश सोडिली, आणि ठसका पुन्हा आला नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला.

काकासाहेबांस ही खबर पोहोचताच त्यांनी विजयाची सलामी द्यावी म्हणून पाय उचलिला आणि तळापर्यंत हाणिला. कट् ऐसा आवाज जाहला. पायाखालची कांब मधल्या सांध्यात मोडून पडली. पाय तळाला गेला तो तिथेच राहिला, आणि पांढरी जागेवर मांजरीगत गुरगुरत राहिली. मिस्तरीने खाली शिरून पाहिले आणि सांगितले की, हे सामान जालन्यास मिळेल, इकडे नाही. आणि त्याच वेळी बाभळीची सावली दगडास लागली.

काकासाहेब म्हणाले, "झालं. ही बंदच." आणि त्यांनी फर्माविले की, माघारी. सगुणाबाईंनी माळेचे टोक बॉनेटचे फटीतून बाहेर काढिले, मिस्तरीकरवी बॉनेट खाली घेतले, डावीकडे वळसा घालून आपले जागी जाऊन बसल्या, आणि खिडकीतून हात बाहेर काढून दोरी बोटास गुंडाळिली. काचेखाली आठ चिमण्या ओळीने बसल्या, नववी आत इंजिनाजवळ.

काकासाहेबांनी सुकाणू राजुराकडे फिरविले, गिअर टाकिला आणि वाट पाहू लागले. पांढरी हलेना. मग त्यांचे ध्यानी आले ते ऐसे, की मोटार पुढे न्यावयाची असो वा माघारी, रेस आता त्यांचे पायात नाही. त्यांनी डावीकडे पाहिले. सगुणाबाई समोर पाहत होत्या. दोरी सैल होती. असा किती वेळ गेला हे मिस्तरीने कधी सांगितले नाही. एवढेच सांगितले की, त्याने विडी पेटविली होती ती हातातच संपली. काकासाहेब म्हणाले, "मंग? वढा की." त्यावर बाई हळू आवाजात बोलल्या, "तुम्ही वळवा. मी वढते."

साऱ्या संसारात नवऱ्यास ऐसा थेट हुकूम त्यांनी कधी केला नव्हता. काकासाहेबांचे डोळ्यांपुढे काय काय आले ते त्यांचे त्यांस ठाऊक. लग्नातला मांडव आला असेल, भरले ताट आले असेल, पाठीमागचे खोलीत दिवाळीचे दिवशी मिणमिणणारा दिवा आला असेल, जो ते नऊ वर्षे बाहेरून पाहत होते आणि आत जात नव्हते. त्यांनी सुकाणू भोकरदनकडे फिरविले. लगेच आठ चिमण्या ताठ जाहल्या, आणि पांढरी अंगण सोडून मार्गास लागली.

निघता निघता काकासाहेबांनी मिस्तरीस विचारिले की, तुझे काय द्यावे. कचरू मिस्तरीने काही घेतले नाही. एवढेच म्हणाला, "पोचल्याचं एक कार्ड टाका मालक. तुमी टाका." त्याची जीभ झडून पडली नाही.

पुढील मजल येणेप्रमाणे जाहली. दिशा आणि ब्रेक काकासाहेबांचा, वेग सगुणाबाईंचा. गिअर बदलताना रेस सोडावी लागते, त्यास पुकारा करावा तर पुन्हा वकील आले. बाईंनी तो मार्ग धरिला नाही. त्या काकासाहेबांचे डाव्या पायाकडे नजर ठेवून बसल्या. पाय क्लचवर गेला की दोरी सैल, पाय उचलला की दोरी ताठ. पहिले दोन गिअर खडखडले. तिसरा लागला तेव्हा काही आवाज आला नाही. भोकरदनचे बाजारात लोक उभे राहून पाहत होते की मोटारीस चिमण्या का बांधल्या आहेत, आणि काकासाहेब, ज्यांस कोणी पाहून हसलेले कधी खपले नव्हते, ते त्या दिवशी सरळ पाहत राहिले. गावाबाहेर आल्यावर त्यांनी फक्त विचारिले की, बोट दुखते काय. बाई म्हणाल्या, "दुखून राह्यलं." मग काकासाहेबांनी चढावर गाडी हळू घेतली, म्हणजे तसे त्यांस वाटले; हळू घेतली ती बाईंनीच.

दिवेलागणीस मोटार रेणुकेचे देवळापुढून गावात शिरली. रामकिसनराव वेशीवर पहिला फेटा हाती घेऊन तासाभरापासून उभे होते, आणि इकडे चांगुणाबाई पाळण्यापाशी पदर सावरून तयार होती. काकासाहेबांनी इंजिन बंद केले. रामकिसनराव फेटा बांधावयास पुढे सरले, तो दाजींनी त्यांचा हात धरिला आणि सांगितले की, आधी तुझी बहीण आत जाऊ दे, फेटा कुठे पळून जात नाही. सगुणाबाई धावतच गेल्या. बोटावर दोरीचा लाल वळ, तळहातास ग्रीस, पेटी मोटारीतच राहिलेली. त्यांनी चांगुणाबाईस बाजूस सारिले, पाळण्यावर वाकल्या आणि बाळाचे कानात नाव सांगितले. नाव वैजयंता. मग मागाहून माळ सोडवून आणिली, आणि पाळण्यास बांधिली. बायका म्हणाल्या, ही काळी चिमणी काढून टाका, बाळाचे अंगास लागेल. सगुणाबाई म्हणाल्या, तिला राहू द्या, तिचंच तर काम झालं. आणि मग भावाचे गळ्यात पडून त्या मोठ्याने रडल्या. बायकांनी त्यांस रडू दिले.

मोहीम येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरे दिवशी रामकिसनरावांनी जालन्यास जाऊन कांब आणिली आणि पांढरीची रेस पूर्ववत काकासाहेबांचे पायाखाली आली. तथापि त्या सालापासून दर भाऊबीजेस मोटार पिंपळगावास येत गेली, आणि राजुरापुढील फाट्यावर पोहोचली म्हणजे काकासाहेब डावीकडे एकवार पाहत आणि मगच पुढे जात, ऐसे सेवकाने, मागाहून त्यांचे पदरी राहिल्यावर, स्वतः मागचे आसनावरून पाहिले आहे.

हकीकत वाढवून लिहिली नाही याचा पुरावा म्हणून कचरू मिस्तरीचे शेडातील पोस्टकार्डाची नक्कल सोबत जोडिली आहे. मिस्तरीस वाचता येत नाही, परंतु सतरा वर्षे ते त्याचे खिळ्यास टांगलेले आहे आणि आल्यागेल्यास तो वाचावयास लावितो. हस्ताक्षर काकासाहेबांचे. मजकूर: कचरू मिस्तरी यांस, पांढरी वेळेत पोचली. रेस बाईनं दिली. मी फक्त वळवली.